बाबा, इथलं प्रेस शॉप बघितलं

प्रिय आई-बाबा,

बाबा दर कॉलला विचारतात की प्लांट कसा आहे, आणि आत फोटो काढता येत नाहीत, म्हणून निवांत बसून लिहितेय.

वोल्फ्सबुर्ग हे शहरच मुळात 1938 मध्ये या कारखान्यासाठी वसवलं, कालव्याच्या एका काठाला फोक्सवॅगन आणि दुसऱ्या काठाला गाव. प्लांट साधारण साडेसहा चौरस किलोमीटरचा. बीटल गाडी इथेच बनायची, 1974 मध्ये इथलं तिचं काम थांबलं आणि त्याच वर्षी गोल्फ ही नवी गाडी सुरू झाली.

रोबोटचे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील, ते सोडा. प्रेस शॉप! आई, तुझ्यासाठी सांगते, पत्र्याला दाबून आकार देतात तो विभाग. कॉइलमधून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीतून, ब्लँक (मापाचे तुकडे) कापतात आणि मग ओळीने प्रेस, पहिल्यात ड्रॉ (पत्रा ओढून आकार देणं), पुढे ट्रिमिंग (जास्तीच्या कडा कापणं), पिअर्सिंग (भोकं पाडणं), फ्लँजिंग (कडा वळवणं), आणि शेवटी गाडीची अख्खी एक बाजू एकाच पत्र्यातून बाहेर येते, कुठे सुरकुती नाही की चीर नाही. वागळे इस्टेटला तुम्ही चेनपुलीने डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, चढवायचात आणि सेटिंगमध्ये अर्धी शिफ्ट जायची, इथे ते मिनिटांत होतं. पण बाबा, नवीन डाय बनते ना, तेव्हा इथेही माणूसच निळं लावून ब्ल्यू मॅचिंग करतो, म्हणजे डाय कुठे टेकते ते बघतो, आणि हाताने स्टोन मारतो, म्हणजे दगडाने घासतो, अगदी तुमच्यासारखा. ते कळल्यावर माझा ऊर भरून आला. तुम्ही म्हणायचात डायमध्ये राहिलेलं पुढे कोणालाच निस्तरता येत नाही, ते शंभर टक्के खरंय, दरवाजाची गॅप शेवटी तिथेच ठरते.

पेंटनंतर दरवाजे परत काढतात, म्हणजे आत डॅशबोर्ड, वायरिंग बसवायला जागा मिळते, दरवाजे वेगळ्या लाइनवर तयार होतात आणि नेमके आपल्याच गाडीला येऊन लागतात. सीटपण लाइनवर ज्या क्रमाने गाड्या येतात त्याच क्रमाने येतात, एकाचा नंबर चुकला तर सगळं अडतं.

आई, जेवणाचं विचारशील. कंपनी 1973 पासून स्वतःचं सॉसेज बनवते, त्याला चक्क पार्ट नंबर आहे! मी मात्र डबाच नेते, थालीपीठाची भाजणी संपत आलीय.

बाबा, पासपोर्ट आता काढाच, सेवा केंद्र वागळेतच तर आहे. प्लांटची टूर लोकांसाठी असते, मी बुकिंग करते, फक्त उन्हाळ्यात काही आठवडे प्लांटला सुट्टी असते तेवढे सोडून या.

तुमची,
मनू