डावीकडचा एक मीटर : पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

विषय : सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी रस्त्याच्या डाव्या कडेची दुरुस्ती

महोदय,
स. न. वि. वि.

मी जुळे सोलापुरात राहते आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम करते. गेल्या नोव्हेंबरपासून मी सायकलने कामावर जाऊ लागले. एका बाजूचे अंतर साधारण ९ किलोमीटर, माझे वय ४६, आणि सायकल मुलीची आहे. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून ती जिन्याखाली धूळ खात उभी होती. स्कूटरला महिन्याला ११ लिटरच्या आसपास पेट्रोल लागायचे, ते वाचावे हा पहिला हेतू होता आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला हा दुसरा.

एकदा आलेली सायकल विसरत नाही असे म्हणतात. तोल सांभाळण्यापुरते ते खरे आहे, पण पंचवीस वर्षांनी रहदारीत सायकल चालवणे मला नव्यानेच शिकावे लागले. पहिल्या आठवड्यात उजवीकडून काय येते आहे हे पाहायला मान वळवली की हँडलही उजवीकडे वळायचे. आसरा पुलाच्या चढावर वेग इतका कमी व्हायचा की सायकल लटपटू लागायची, आणि मागून हॉर्न वाजला की मी उतरून ती ढकलत न्यायचे. सीट फार खाली आहे, म्हणूनच मांड्या भरून येतात, हे कळायलाही पंधरा दिवस गेले. पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट वर हवी, हे मला कारखान्यातल्या एका जुन्या कामगाराने सांगितले. ओढणी मागे गाठ मारून बांधायची, हे मात्र चेनमध्ये एक ओढणी गेल्यावर माझे मीच शिकले.

हे माझे शिकणे झाले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार रस्त्याच्या ज्या भागावर नवशिक्याला चालवावे लागते त्याची आहे. सराव असलेला सायकलस्वार गरज पडली तर कडेपासून दूर, रस्त्याच्या आतल्या अंगाने जातो. नवशिक्याला ते धाडस होत नाही, त्यामुळे तो डाव्या कडेला चिकटून असतो. नेमका तोच एक मीटर संपूर्ण रस्त्यात सर्वांत वाईट असतो, हे स्कूटरवर असताना इतकी वर्षे माझ्या लक्षातच आले नव्हते.

डांबराचा नवा थर रस्त्यावर चढतो, पण साइडपट्टी आहे तिथेच राहते, त्यामुळे कडेला दोन-तीन इंचांची पायरी तयार होते. एखादी बस जवळून गेली म्हणून सायकल त्या पायरीखाली उतरवली, तर तिरपी परत वर घेता येत नाही, चाक कडेला घासत जाते आणि माणूस रस्त्याच्या बाजूला, म्हणजे वाहनांपुढे पडतो. चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीच्या खाली गेलेली असतात. वाळू, काचा आणि खडी वाहनांच्या वाऱ्याने उडून कडेलाच साचतात, आणि मोकळ्या प्लॉटांच्या शेजारी तर सराटे व वेड्या बाभळीचे काटे असतातच. पहिल्या महिन्यात माझी सायकल तीनदा पंक्चर झाली. पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब पाण्यात फिरवून भोक शोधले, टायरच्या आतून अंगठा फिरवत सराट्याचे टोक काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "ताई, हवा कमी ठेवू नका, नाहीतर खड्ड्यात रिमच ट्यूब कापतो. आणि कडेनं जाऊ नका." मी विचारले, मग कुठून जाऊ? त्यावर ते नुसते हसले.

सर्वांत गंभीर गोष्ट आहे पावसाच्या पाण्यासाठी बसवलेल्या लोखंडी जाळ्यांची. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असतील तर सायकल वरून खडखडत निघून जाते. पण त्या रस्त्याच्याच दिशेने बसवल्या असतील, तर दोन पट्ट्यांमधल्या फटीत पुढचे चाक सरळ आत उतरते. डिसेंबरमध्ये संध्याकाळी अशाच एका जाळीत माझे चाक अडकले. हनुवटीला तीन टाके पडले आणि मनगट महिनाभर बांधून ठेवावे लागले. तो रस्ता कोणता हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिले तर तेवढी एकच जाळी बदलेल अशी मला भीती वाटते.

आमच्या कारखान्याच्या स्टँडवर अजून काही सायकली लागतात. कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीने डबा बांधलेला असतो. यंत्रमागावर उभी हयात काढलेली ही माणसे त्याच रस्त्यांवरून सुखरूप येतात, कारण कुठल्या वळणावर जाळी आहे आणि कुठे कड तुटली आहे हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्या जागी येणारी तरुण मुले मात्र हप्त्याने मोटारसायकल घेतात. मानव विकास कार्यक्रमातून राज्य सरकार मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देते, ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्याच मुलीने पुढे शहरात नोकरीला सायकलने जायचे ठरवले, तर तिने कोणत्या कडेने जावे?

महोदय, मी वेगळा सायकल ट्रॅक मागत नाही. आपल्याकडे असा ट्रॅक झालाच, तर त्यावर महिन्याभरात दुचाक्या लागतील असे माझे स्पष्ट मत आहे. वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटले आहे. त्या धोरणाला धरून माझे मागणे अगदी लहान आहे. कामगारांच्या येण्याजाण्याच्या मार्गांवर रस्त्याच्या दिशेने बसलेल्या जाळ्या काढून आडव्या बसवाव्यात. नवे डांबर टाकताना साइडपट्टी आणि चेंबरची झाकणे त्याच कामात रस्त्याच्या पातळीला आणावीत, आणि तसे केल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम बिल निघू नये. झाडलोट दुभाजकाजवळ होते तशी डाव्या कडेलाही व्हावी, आणि तीही सकाळची पाळी सुरू होण्याआधी. उन्हाळ्यात सावली हवी हे खरे, पण झाडे वाढायला वर्षे लागतात. जाळी फिरवायला एक दुपार पुरते.

हे पत्र आपल्याला लिहिण्याचे कारण असे, की एकाच प्रवासात मी वेगवेगळ्या यंत्रणांच्या ताब्यातल्या रस्त्यांवरून जाते. कोणता तुकडा कोणाचा हे मला कळत नाही आणि ते सायकलस्वाराला कळावे अशी अपेक्षाही नसावी. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष या नात्याने या सर्वांना एका टेबलाशी आपण बसवू शकता.

ते कसे करायचे, हे सोलापूरला शिकवावे लागत नाही. दर जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेआधी, मिरवणुकीत पेलून नेल्या जाणाऱ्या उंच नंदीध्वजांच्या मार्गाची पाहणी होते, खड्डे बुजवले जातात, आडव्या येणाऱ्या तारा आणि फांद्या काढल्या जातात, कारण नंदीध्वज पेलणाऱ्याचा पाय अडखळून चालत नाही. तशीच एक पाहणी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मार्गाची करावी, आणि ती गाडीत बसून न करता सायकलवरून करावी, एवढी विनंती आहे. गुरुनानक चौक आणि शांती चौक मी रोज ओलांडते. सकाळी सव्वाआठच्या सुमारास आसरा पुलाजवळ असते. आपण नेमाल त्या अधिकाऱ्यांना माझ्या माहितीतली एकेक जाळी मी दाखवीन. त्यांच्याकडे सायकल नसेल तर त्या दिवशी माझी घ्यावी, मी रिक्षाने येईन. सीट मात्र त्यांच्या उंचीप्रमाणे वरखाली करून घ्यावी लागेल. त्यासाठी लागणारा पाना मी बॅगेत ठेवते.

कळावे,
आपली नम्र,
जुळे सोलापूर येथील एक नोकरदार नागरिक