बाराची तोफ

हाँगकाँग, रविवार

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. आई, जेवण वेळेवर होतं. आठ नंबरचा बावटा लागला की इथली ऑफिसं बंदच होतात, तेव्हा वादळाच्या बातम्या बघून जीव टांगणीला लावू नकोस.

एक रीत मात्र कळायला मला दोन महिने लागले. कॉजवे बेला समुद्राकाठी एक लहान तोफ आहे. ती रोज दुपारी बाराला उडवतात. सण नसतो, पाहुणा नसतो, तरी रोज. शिवाय ती सरकारची नाही, जार्डिन मॅथिसन या व्यापारी कंपनीची. गणवेशातला माणूस येतो, घंटा वाजवतो, तोफ डागतो. सांगतात असं, की कंपनीचा बडा साहेब बंदरात आला की पूर्वी सलामी द्यायचे. एका आरमारी अधिकाऱ्याला ते खपलं नाही, त्यानं रोज बाराला तोफ उडवायची शिक्षा दिली. जपानी अंमलात खंड पडला, पण अजून चालू आहे. तेव्हा तुमच्याकडे साडेनऊ. बाबा पूजेला बसले असतील, असं रोज मनात येतं.

बाबा, ‘अफूवाल्यांच्या गावात कशाला राहिलीस?’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. कंपनी १८३२ साली चीनमधल्या कँटनला निघाली आणि अफूवरच मोठी झाली, हे खरंच. पण माळव्याची अफू मुंबईहूनच सुटायची, पाठवणाऱ्यांत जमशेटजी जीजीभॉय होते. अफूच्या युद्धानंतरच्या १८४२ च्या तहानं चीनची पाच बंदरं उघडली आणि दोन वर्षांत मुंबईचे व्यापारी डेव्हिड ससून यांनी आपला मुलगा इकडे धाडला. ससूनांनी हिंदुस्थानात आधीच उचल देऊन माल स्वस्तात बांधून घेतला, तेव्हा १८७० नंतर जार्डिननं अफू सोडून आगबोटी आणि विमा धरला. आजी पुण्याच्या ज्या ससून हॉस्पिटलमधून बरी होऊन आली, ते त्याच ससूनांच्या देणगीचं. चिनी घरं उद्ध्वस्त झाली त्या पैशात आपलाही किनारा आहे. मला हे इथे येऊन कळलं आणि फार लागलं.

असो. पन्नास हजार पाठवलेत, त्यातून छकुलीच्या लग्नाच्या हॉलचा इसार द्या. बाकीचे दिवाळीआधी. साखरपुड्याला रजा मिळत नाहीये, तिला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका. मावशीनं सुचवलेल्या स्थळाला एवढ्यात होकार कळवू नका. आणि बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका.

तुमची,
मनू