मालाला मोकळीक, माणसाला अडसर

मा. संपादक,

आफ्रिकेतील स्थलांतराची बातमी आपल्याकडे छापून येते ती बहुधा भूमध्य समुद्रात नाव बुडाली की. प्रत्यक्षात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांतून पोटासाठी घर सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात जातात. त्यांच्या येण्याजाण्याचे नियम आफ्रिकी देशांनी आपसांत ठरवायचे, की युरोपची सोय पाहून, हा वादाचा मुद्दा आहे.

आफ्रिकी संघाने जानेवारी २०१८ मध्ये मुक्त संचाराचा करार संमत केला. तो लागू होण्यासाठी १५ देशांचे अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची अधिकृत मान्यता, हवे. पण रवांडा, नायजर, माली आणि साओ टोमे व प्रिन्सिपे या चौघांपुढे ही यादी वर्षानुवर्षे सरकली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये रवांडाच्या राजधानीत, किगालीत, सह्या झालेला मुक्त व्यापाराचा करार मात्र मे २०१९ मध्ये अमलातही आला. माल चालतो, तो विकायला निघालेला माणूस चालत नाही, असा हा व्यवहार आहे.

परक्या कामगारांचे ओझे होईल ही सरकारांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ संघटनेने १९७९ मध्येच ९० दिवसांच्या व्हिसामुक्त प्रवेशाचा करार केला होता. तरीही तेलाचे उत्पन्न आटताच नायजेरियाने १९८३ मध्ये लाखो परदेशी कामगारांना काही आठवड्यांच्या मुदतीत घालवून दिले. त्यांत घानाचे लोक सर्वाधिक होते, आणि ज्या चौकड्यांच्या प्लास्टिक पिशव्यांत त्यांनी संसार कोंबला, त्या पिशव्यांना नायजेरियात आजही ‘घाना मस्ट गो’ (घानावाल्यांनो, चालते व्हा) असेच म्हणतात. त्याआधी १९६९ मध्ये घानानेही परक्यांना असेच हाकलले होते.

परंतु बाहेरच्यांच्या दबावाने केलेले कायदे याहून बरे ठरले नाहीत. नायजरमधील अगादेझ येथून पिकअप गाड्या उत्तरेकडे निघत. सामानात खोचलेल्या काठ्या घट्ट धरून, पाय बाहेर सोडून माणसे कडेवर बसत. स्थलांतरितांची अशी वाहतूक गुन्हा ठरवणारा, युरोपीय संघाच्या आग्रहाला साजेसा कायदा नायजरने २०१५ मध्ये केला आणि चालक तुरुंगात गेले. उरलेले गस्त चुकवण्यासाठी विहिरींपासून दूरच्या वाटांनी जाऊ लागले. गाडीतला सेनेगल वा गांबियाचा प्रवासी ‘इकोवास’च्या नियमाने अगादेझपर्यंत हक्काने येऊ शकत होता, तरी त्याच्याकडे संशयितासारखे पाहिले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्करी राजवटीने तो कायदा रद्द केला.

जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो व नायजर ‘इकोवास’मधून बाहेर पडले. तरी ‘इकोवास’ने त्यांच्या नागरिकांचा व्हिसामुक्त प्रवेश पुढील निर्णयापर्यंत चालू ठेवला, आणि या तिघांनीही तशीच मुभा दिली. इतक्या कडवट फारकतीतही जो हक्क दोन्ही बाजूंनी राखला, तोच देणाऱ्या खंडाच्या कराराला अनुसमर्थन द्यायला उरलेली सरकारे कशाची वाट पाहत आहेत?

— एक वाचक