वजनकाट्याआधी ताटाला कळतं

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत मी मुलींची खानावळ चालवते. सोळा वर्षं झाली. रोज साठेक ताटं वाढते आणि तितकीच परत आलेली बघते. परीक्षा, भांडण, घरची आठवण, सगळं खरकट्यात दिसतं. पण तीन वर्षांपूर्वी एका मुलीचं ताट मला वाचता आलं नाही.

आधी तिनं भात सोडला. मग भाजीचं तेल निथळून घ्यायला लागली. पोळीचे नखाएवढे तुकडे करायची, ताटभर फिरवायची, शेवटी वाटीखाली सरकवायची. शेजारणीला मात्र आग्रह करकरून वाढायची. माझ्याकडून आमटीची कृतीसुद्धा लिहून घेतली होती. आज चतुर्थी, उद्या गुरुवार, परवा पोट बरं नाही. नवरात्रात तर नऊ दिवस कुणी विचारायचीच सोय नव्हती. मीच एकदा कौतुकानं म्हणाले, “छान बारीक झालीस गं!” ते वाक्य अजून टोचतं.

एप्रिलच्या उन्हात ती स्वेटर घालून जेवायला आली तेव्हा मी चपापले. त्याच आठवड्यात जिन्यात चक्कर येऊन पडली. नेलं त्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, “नीट खात जा” म्हणाले. आजाराचं नाव महिन्याभरानं एका मनोविकारतज्ज्ञांकडून कळलं: ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीनं खाणं तोडत नेण्याचा मनाचा आजार. तोवर तिची पाळी चार महिने बंद होती आणि कंगव्यात केसांचे पुंजके येत होते.

त्यांनीच मला दुसरा प्रकारही सांगितला, बुलिमिया. तो ओळखणं जास्त अवघड, कारण वजन बहुतेकदा ठीकठाक असतं. मुलगी भराभर, भान सुटल्यासारखं खाते आणि हात धुवायच्या आधी बाथरूम गाठते. आतून नळ सोडलेला. बोटांच्या पेरांवर घट्टे, गाल सुजल्यासारखे, दातांचं वरचं कवच झिजलेलं. सतत उलट्या काढल्यानं रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. ‘हल्लीच्या पोरींची नाटकं’ म्हणणाऱ्यांना हे ऐकवावंसं वाटतं. आणि फक्त पोरींचंच कशाला? अंग कमावायच्या नादात व्यायाम एक दिवस चुकला तर कासावीस होणारा, घरचं अन्न हातात न धरणारा मुलगाही यातच सापडलेला असू शकतो.

साहेब, कुपोषण म्हटलं की सरकारी डोळे पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांकडे वळतात. वळायलाच हवेत. पण भरल्या ताटासमोर उपाशी बसलेली पोर कुणाच्या यादीत येते? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी. खासगी वसतिगृहात राहणारी एकोणीस वर्षांची मुलगी त्यातून निसटते. शाळेतही वजन-उंची मोजणं सोपं; पण वजन उतरेपर्यंत आजार बराच आत गेलेला असतो, आणि बुलिमियात तर काटा काहीच बोलत नाही.

म्हणून मागणं असं: वसतिगृहांच्या अधीक्षिका, खानावळवाल्या, पीटीचे शिक्षक यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या. आरोग्य विद्यापीठ आमच्याच गावात आहे, माणसं बाहेरून आणायला नकोत. शाळेच्या तपासणीत जेवणाबद्दल चार प्रश्न घाला, तेही एकटीला बाजूला घेऊन विचारलेले. वर्गासमोर वजन मोठ्यानं पुकारणं तेवढं बंद करा. दातांच्या डॉक्टरांनाही यात घ्या, कित्येकदा पहिली खूण त्यांनाच दिसते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मेसच्या भिंतीवर लागू दे.

आणि काय बोलायचं तेही शिकवा. मी तिला “खा गं, खा” करत ताटाशी बसवून ठेवायची, ती आणखी मिटायची. पुढे एकदा भांडी आवरताना नुसतं म्हणाले, “तू दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते.” तेव्हा पहिल्यांदा रडली. वजनाचा विषय मी काढलाच नव्हता.

ती आता बरी आहे. अगदी पूर्ण नाही. परवा आली होती, अर्धी पोळी आणि वरण-भात खाल्ला. मी ताटाकडे बघितलं नाही. म्हणजे, बघितलं, पण ती हात धुवायला गेल्यावर.

आपली,
गंगापूर रोड-कॉलेज रोड भागातली एक खानावळवाली, नाशिक