मधल्या वयाकडेही बघा

संपादक महोदय,
बाळाच्या पहिल्या पावलाचे घरभर कौतुक होते, वयात येणाऱ्या मुलांची काळजीही सगळे करतात. मधली सहा ते बारा ही वर्षे मात्र 'शाळेत जातंय ना' एवढ्यावर सुटतात. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. परवा अजिंक्यताऱ्याचे चित्र काढताना तिने तटबंदी इतक्यांदा खोडली, की कागदाला भोक पडले. 'वर्गात सगळ्यांना दाखवतात, मग हसतात,' म्हणाली आणि वही दप्तरात कोंबली. गेल्या वर्षी हीच पोर निळी मांजरे काढून भिंतीवर चिकटवत होती!

याच वयात मुले स्वतःला इतरांशी तोलू लागतात. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या टप्प्यात दोन गोष्टींची ओढाताण पाहिली : काही करून दाखवण्याची उमेद आणि आपण कमी पडतो ही भावना. तरी आपण शेजारच्या मुलाचे गुण पुढे करतो. मीही केले, त्याची आज खंत वाटते. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. वर्गासमोर मुलाचे हसे करणे त्यात बसत नाही का?

हल्ली रात्री मी तिला भाकरी थापायला देते. पहिल्या तीन फाटल्या. चौथी तव्यावर टम्म फुगली, तेव्हा पीठभरल्या हातांनीच ती आजीला बोलवायला धावली. साताऱ्यातील शाळांना विनंती, पालकसभेत गुणांआधी मूल काय करायला शिकले ते आम्हाला सांगा.

– एक पालक, सातारा