काय काम करत होतास, हे डॉक्टरांना सांग

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे दिवाळीनंतर तू स्वतःच, धाकट्याला हाताशी घेऊन उतरवणार आहेस, हे वाचले आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. पत्र्यांचे पुढे लिहितो. आधी सदाचे सांगायला हवे.

सदाच्या छातीत गेल्या वर्षी पाणी झाले. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की पहिला संशय क्षयाचा, आणि तो अवाजवीही नाही. त्यामुळे सहा महिने त्याने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या. पाणी काढले की पुन्हा भरे, वजन उतरत गेले, उजव्या कुशीतली कळ रात्री झोपू देईना. शेवटी दुर्बिणीतून फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा तो मेसोथेलिओमा निघाला. हा त्या पातळ आवरणाचा कर्करोग, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसमध्ये, म्हणजे तुझ्या त्या जुन्या पत्र्यांतही असणाऱ्या तंतुमय खनिजात, सापडते. तोवर तीन डॉक्टर झाले होते. तिघांनीही विडी ओढता का, असे विचारले. तरुणपणी काय काम करत होता, हे फक्त चौथ्याने विचारले. गंमत अशी की विडीचा या रोगाशी संबंधच नाही. ॲस्बेस्टॉसची धूळ खाल्लेल्या माणसाने वर विडीही ओढली, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो, ती गोष्ट वेगळी. तेव्हा तुझी विडी अजून चालू असेल, तर ती मात्र आजच सोड.

आपण तिघे १९७९ साली ब्रेक लायनिंगच्या त्या कारखान्यात लागलो, ते मिक्सिंग खाते आठवते ना? गोणी फाडून तो ॲस्बेस्टॉसचा पांढरा कापूस हाताने यंत्रात ओतायचा, आणि दुपारी खिडकीतून ऊन आले की त्या झोतात धूळ चमकताना दिसायची. तोंडाला फडके, आणि पाळी सुटताना गुळाचा खडा. गुळाने घशातली धूळ उतरते, असे मुकादम सांगे, आणि आपणही ते खरे मानले. पण जी दिसत होती, ती धूळ निम्मी तरी शिंकेबरोबर, थुंकीबरोबर बाहेर पडत असेल. घात करतात ते डोळ्यांना न दिसणारे तंतू. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात, तिथून आवरणात शिरतात; शरीराच्या पेशी त्यांना गिळू पाहतात, पण त्यांना ते विरघळवता येत नाहीत, आणि वर्षानुवर्षे तिथे दाह चालू राहतो. रोग वर यायला वीस ते पन्नास वर्षे जातात. म्हणजे नोकरी संपते, कारखाना बंद पडतो, आपल्या कारखान्याप्रमाणे त्या जागी टॉवरही उभा राहतो, आणि मग पहिला खोकला येतो.

ही माहिती तेव्हा जगाला नव्हती, असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले मेसोथेलिओमाचे तेहतीस रुग्ण १९६० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले होते, आणि त्यांत खाणीत कधीही न उतरलेली माणसेही होती. ते वाचले तेव्हा मला कुसुमवहिनी आठवल्या. तुझा सदरा अंगणात झटकून मगच त्या भिजत घालायच्या. त्यांना घाबरवू नकोस, पण डॉक्टरांकडे जाशील तेव्हा त्यांनाही सोबत ने. आपला माल पांढऱ्या जातीचा, म्हणून निरुपद्रवी, असे कोणी सांगितले तर ऐकू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्वच जाती कर्करोगकारक ठरवल्या आहेत. ब्रिटनने निळा आणि तपकिरी १९८५ साली आणि पांढरा १९९९ साली बंद केला. आपल्याकडे पांढरा अजून जहाजाने येतो आणि त्याचे पत्रे होतात.

धूळ खाल्लेल्या प्रत्येकाला हा रोग होत नाही. बहुतेकांना होत नाही. रोग होण्याआधीच तो ओळखील, अशी भरवशाची तपासणीही नाही, म्हणून दर महिन्याला एक्स-रे काढत बसू नकोस. धाप लागली, कुशीत दुखले, छातीत पाणी झाले, तर मात्र पहिल्याच वाक्यात सांग की मी सात वर्षे ॲस्बेस्टॉसमध्ये काम केले आहे. ते आपण होऊन सांगावे लागते.

आता पत्रे. ते शाबूत असतील तर आहेत तिथेच राहू देत. काढायचेच असतील, तर हे काम माहीत असलेल्या माणसाकडून काढून घे. हातोड्याने फोडू नका, करवत किंवा ड्रिल लावू नका. पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अख्खे खाली उतरवा, आणि तुकडे झाडूने कोरडे झाडू नका. रुमालाने ते तंतू अडत नाहीत. शिवाय जुना पत्रा ठिसूळ असतो, त्यावर पाय देऊन माणसे खाली कोसळतात. आपले वय आता छपरावर चढण्याचे नाही.

एक काम तुझ्याकडे आहे. मेसोथेलिओमा आपल्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे, पण सदाने त्या खात्यात काम केले याचा पुरावा हवा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून चाळीस वर्षे किंवा ती सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी. निकाल कामगारांच्या बाजूचाच होता. पण सदाची चाळीस वर्षे २०१९ साली भरली, आणि पाणी झाले ते त्यानंतर. नोंद फेकून द्यायची मुभा मिळते, तेव्हाच रोग दारात येतो. त्याच्या मुलाला ट्रंकेत फक्त विमा योजनेचे जुने कार्ड सापडले, त्यावर खात्याचे नाव नाही.

तुझ्याकडे मिक्सिंग खात्याच्या दारात काढलेला आपला दसऱ्याचा फोटो असेल, यंत्राला हार घातलेला. तो, तुझी जुनी पगाराची पावती आणि आपण तिघे एकाच पाळीत होतो असे सहीनिशी लिहिलेले पत्र रजिस्टरने पाठव. पावतीची प्रत स्वतःजवळ ठेव. ती तुलाही लागू शकते. सदाला बोलताना धाप लागते, तेव्हा त्याला फोन सकाळी कर, तेव्हा तो जरा बरा असतो.

कुसुमवहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव