तो प्रश्न मी परत घेते

प्रिय बाळा,

गेल्या रविवारी तू बोललास आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" तो प्रश्न मी परत घेते. लहानपणी शिकवणीच्या सरांनी तुझ्यावर केलेल्या लैंगिक अत्याचाराचे जे ओझे तू २९ वर्षे एकट्याने सोसलेस, ते अखेर माझ्यापुढे ठेवल्यावर मी तुलाच जाब विचारला, याची मला लाज वाटते.

खरे तर तू सांगितले होतेस. नऊ वर्षांचा असताना, ते गृहस्थ शिकवायला यायचे त्या दिवशी नेमके तुझे पोट दुखायचे, दार लावलेल्या खोलीत बसायला तू नकार द्यायचास आणि तू पुन्हा अंथरूण ओले करू लागला होतास. मी जंताचे औषध दिले, वर "सरांशी नीट वाग" असे बजावलेही. ज्या गोष्टीसाठी त्या वयात शब्दच नसतात ती मूल शरीराने सांगते. मला ते ओळखता आले नाही. या अपराधाचे ओझे माझे आहे. (रविवारी तू उलट माझीच समजूत घालू लागलास, म्हणून मुद्दाम लिहिते: ते तुझे काम नव्हे.)

आपण ओरडलो का नाही, पळालो का नाही, हे तुला आजही छळते. तुझे नाव न घेता मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंना विचारले. भीती टोकाला गेली आणि सुटकेची वाट दिसेना, की शरीर गोठते, हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. हे आपोआप घडते, आपण ठरवून करत नाही. अडखळत तू जे दुसरे सांगितलेस, की कधीकधी शरीराने प्रतिसाद दिला, त्याचेही तसेच आहे. स्पर्शाला शरीर उत्तर देते, त्यात मनाची इच्छा असावीच लागत नाही, आणि नऊ वर्षांचे मूल अशा गोष्टीला संमती देऊच शकत नाही. याच एका लाजेपायी कित्येक पुरुष जन्मभर गप्प राहतात, असे त्या म्हणाल्या. तुझी लेक नऊ वर्षांची झाली आणि सारे उसळून वर आले, यातही नवल नाही. आपण तेव्हा किती लहान होतो, हे तिच्याकडे पाहूनच तुला पहिल्यांदा दिसले असेल.

पुन्हा सगळे तपशील सांगावे लागतील या धास्तीने तू उपचार टाळतो आहेस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या अशा त्रासासाठी ज्या उपचारपद्धती सुचवल्या, त्यांपैकी ईएमडीआरमध्ये (डोळ्यांच्या ठराविक हालचाली करत त्रासदायक आठवणींवर काम करण्याच्या पद्धतीत) घटना सविस्तर सांगावी लागत नाही. जायचे की नाही, ते तूच ठरव.

क्षमा कर, विसरून जा, असे मी म्हणणार नाही. बाबांनाही मी काही बोललेले नाही. कोणाला, कधी आणि किती सांगायचे हा निर्णय तुझा आहे. अल्बममधला तो फोटो, ज्यात ते सर तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत, मी काढून पाकिटात ठेवला आहे. फाडलेला नाही. त्याचे काय करायचे, ते कळव.

तुझी,
आई